वकीलपत्रावर नाव कुणाचं?

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा कुठलाही आदेश उघडून पाहा. पक्षकारांच्या नावांखाली हजर वकिलांची नावं असतात आणि पुष्कळदा दोन नावांच्या मधे ‘एच/एफ’ अशी अक्षरं दिसतात. होल्डिंग फॉर. वकीलपत्र एकाचं, त्या दिवशी उभं राहिलं दुसरंच कुणी. हे दुसरं नाव बहुतेकदा ज्युनिअरचं असतं आणि त्यानं बहुतेकदा तारीखच मागितलेली असते. तेच प्रकरण अंतिम सुनावणीला लागलं की आदेशात सीनिअरचं नाव उरतं. जिनं रात्री बारापर्यंत बसून तारीखवार घटनाक्रम लावला, तिचं नाव अर्जाच्या शेवटीही नसतं आणि आदेशाच्या माथ्यावरही नसतं.

वकिलांच्या ऑफिसात कुणाला सामावून घेतलं जातं आणि कुणाला नाही, हे या ओळीत वाचता येतं. विविधता, सर्वसमावेशकता हे शब्द मोठ्या फर्मच्या संकेतस्थळावर शोभतात. तिथे त्यासाठी वेगळा विभाग असतो, वर्षातून एकदा प्रशिक्षण असतं, भिंतीवर पोस्टर असतं. नागपुरातलं नेहमीचं ऑफिस म्हणजे धरमपेठेतला, सदरमधला किंवा सिव्हिल लाइन्समधला एखादा फ्लॅट. एक सीनिअर, चार ज्युनिअर, दोन क्लार्क, एक टायपिस्ट, पाणी देणारा पोऱ्या. इथे मनुष्यबळ विभाग नाही आणि लेखी धोरण तर नाहीच. मुंबई-दिल्लीचा साचा इथे आणला तर फार तर भिंत भरेल. इथला भेद भरतीच्या दारात कमी असतो. तो रोज रात्री, उद्याचं बोर्ड म्हणजे कोर्टापुढच्या प्रकरणांची यादी आल्यावर, कोण कुठे जाणार हे ठरताना होतो. म्हणून सुधारणाही तिथूनच सुरू व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

१९२३ हे साल या बाबतीत दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्त्रियांना वकिली करण्याची आडकाठी काढणारा कायदा त्या वर्षी झाला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. बॅरिस्टरी होती, परदेशातल्या पदव्या होत्या, पण ब्रीफ, म्हणजे कोर्टात चालवायचं प्रकरण, सॉलिसिटरांकडून यायचं आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला तयार नव्हते. सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळणं आणि काम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या इतकं नेमकं क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल. शंभर वर्षांनी सनदेचं दार बरंच उघडलं आहे. स्त्रियांच्या बाबतीत तेही अर्धवटच: सतरा लाख वकिलांत स्त्रिया जेमतेम १५ टक्के आणि राज्यांच्या बार कौन्सिलांतल्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थांतल्या, निवडून आलेल्या सदस्यांत २ टक्के, असं सरन्यायाधीश रमणा यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. ब्रीफचं दार मात्र अजून ओळखीवर उघडतं.

पहिली चाळणी पैशांची. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बार कौन्सिलांना बजावलं, की सनदेसाठी कायद्यात आहे तेवढंच शुल्क घ्या: सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये. त्याआधी हा आकडा हजारांत होता, ओडिशात तर बेचाळीस हजारांवर. निकाल चांगलाच आहे. पण गडचिरोलीहून किंवा गोंदियाहून आलेल्या मुलीला सव्वाशे रुपयांत सनद मिळाली, तरी पुढची तीन वर्षं ती खाणार काय? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, निदान तीन वर्षं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे ‘आधी शिक, मग बघू’ हे जुनं वाक्य अनेक ऑफिसांत अजून चालतं. ज्याच्या वडिलांचं घर शहरातच आहे त्याला ते परवडतं. ज्याला खोलीभाडं, मेसचा डबा, पेट्रोल आणि काळा कोट असं सगळं स्वतः उभं करायचं आहे, तो दुसऱ्या वर्षी बँकेच्या वसुलीच्या नोटिसा लिहिण्याच्या कामाला लागतो किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो. सीनिअरनं कुणाची जात विचारली नाही, कुणाला हाकललं नाही. तरी पाच वर्षांनी ऑफिसात कोण उरलं हे पाहिलं, तर उरलेले एकाच तऱ्हेच्या घरांतले निघतात.

यात एक कायदेशीर गुंताही आहे. वकिली करणाऱ्यानं पूर्णवेळ पगारी नोकर असू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणून ज्युनिअरला मिळतं ते व्यावसायिक शुल्क. कर कापला गेला तर हाती नोकरदाराचा फॉर्म १६ येत नाही, १६-अ येतो. म्हणजे भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही आणि प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेचा हक्कही नाही. वेळ मात्र सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ. नोकराची वेळ आणि भागीदाराची जोखीम, दोन्ही तिच्याच पदरात. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, मेच्या उन्हात, पंचेचाळीस अंशांत काळा कोट चढवून उभं राहायचं. खरं तर सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात कोट सक्तीचा नाही, हे बार कौन्सिलच्याच नियमांत आहे. ज्युनिअरला ते कुणी सांगत नाही, एवढंच.

छोट्या ऑफिसाला २६ आठवडे पूर्ण शुल्क देणं झेपत नाही, हे मान्य करू. पण दोन गोष्टी कुठल्याही ऑफिसाला झेपतात. तीन महिने निम्मं शुल्क, आणि फाइलींची लेखी परतफेड. रजेवर जाण्याआधी तिच्याकडच्या प्रकरणांची यादी करायची, प्रत्येकापुढे तात्पुरतं कुणाकडे ते लिहायचं आणि परत आल्यावर पहिल्या महिन्यात निम्म्या फाइली तिच्या टेबलावर यायच्या. खरा घात दुसऱ्या गोष्टीत होतो. ‘आता त्यानं एवढं सांभाळलंय, त्याच्याकडेच राहू दे’, असं म्हटलं की ती परत येते, पण रिकाम्या टेबलाशी.

दुसरी चाळणी कामाच्या प्रकाराची, आणि ही जास्त चिवट आहे. बाई ज्युनिअर असेल तर कौटुंबिक न्यायालय, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार. ‘बाईला बाईचं बरं समजतं.’ बौद्ध मुलगा असेल तर अॅट्रॉसिटीची आणि जामिनाची कामं. मोमिनपुऱ्यातला असेल तर तलाक आणि वक्फ. भूसंपादन, सेवाविषयक याचिका, कर, लवाद ही दीर्घ आणि बऱ्या पैशांची कामं वेगळ्याच टेबलावर जातात. यातला एकही निर्णय घेताना सीनिअरला आपण भेद करतो असं वाटत नसतं. सोयीचं वाटतं, पक्षकारालाही बरं वाटतं. पण पाच वर्षं फक्त पोटगीचे अर्ज चालवलेल्या वकिलाला कुठल्या महामंडळाच्या वकिलांच्या पॅनेलवर घेतात?

आणि ‘आम्ही जात पाहत नाही’ हे वाक्य नागपुरात ऐकलं की जरा गंमतच वाटते. जात पडताळणीच्या याचिका हे या खंडपीठाचं रोजचं काम आहे. हलबा-कोष्टींचा, म्हणजे कोष्टींना हलबा जमातीचे दाखले मिळावेत की नाही हा प्रश्न इथल्याच मातीतला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सकाळी दक्षता पथकाचा अहवाल आणि १९५० पूर्वीच्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातल्या जातीच्या नोंदी भिंग लावून वाचणारे आपण, संध्याकाळी ऑफिसात मात्र आडनाव ऐकून काही कळलंच नाही असा आव आणतो.

यावर हमखास उत्तर येतं: बौद्ध समाजातले भूषण गवई याच खंडपीठात वकिली करून १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले, अजून काय हवं? त्यांची वाट नीट पाहिली तर उत्तर उलट बाजूला जातं. नागपूर आणि अमरावती महापालिकांचे वकील, मग सहायक सरकारी वकील, २००० मध्ये सरकारी वकील, २००३ मध्ये न्यायमूर्ती. घरात सार्वजनिक जीवनाचा वारसा होता, तरी वकिलीतल्या या पायऱ्या सार्वजनिक नेमणुकांच्या होत्या. पॅनेल, सरकारी वकिलाचं कार्यालय, पुढे ज्येष्ठ वकिलाचं पदनाम किंवा न्यायासन: या प्रत्येक ठिकाणी विचारतात, की तुम्ही उभं राहून काय चालवलं? ते दाखवायला आदेशात नाव लागतं. म्हणून आज ज्युनिअरचं नाव कुठे येतं आणि कुठे येत नाही, यावर वीस वर्षांनंतरचं न्यायासन ठरतं.

तर करायचं काय? कामवाटपाची वही ठेवायची. क्लार्क तारखांची डायरी ठेवतोच, त्याच धर्तीवर. प्रत्येक प्रकरणाला सहा रकाने: तारीख, कोर्ट, प्रकरण क्रमांक, पहिला मसुदा कुणी केला, कोर्टात कोण उभं राहिलं, आणि काय झालं. शेवटच्या रकान्यात आकडा टाकायचा. तारीख मागितली किंवा पुरसिस म्हणजे छोटं लेखी निवेदन दिलं तर शून्य. बिनविरोध अर्ज असेल तर एक. विरोध असलेला अर्ज चालवला, म्हणजे निशाणी ५ वरचा मनाई हुकुमाचा युक्तिवाद, जामीन, विलंबमाफी, तर दोन. उलटतपास किंवा अंतिम युक्तिवाद तीन. दर तीन महिन्यांनी ज्युनिअरनिहाय बेरीज. चार ज्युनिअरांच्या ऑफिसात तिमाहीत प्रत्येकाला निदान दोन वेळा ‘दोन’ आणि वर्षात एकदा ‘तीन’ मिळालाच पाहिजे, एवढाच नियम. ‘तीन’ची सुरुवात पंच साक्षीदाराच्या उलटतपासापासून केली तर पक्षकाराचं फारसं नुकसान होण्याची भीतीही नाही.

शून्याचा आकडा मुद्दाम ठेवला आहे. तो नसेल तर वही तारखांनी भरते आणि सगळ्यांना समान संधी मिळाल्यासारखी दिसते. एच/एफ मोजण्यातला धोका हाच: महिन्यात चाळीस वेळा नाव आलं, चाळीसही वेळा तारीखच मागितली. दुसरी चूक म्हणजे महिनाअखेरीला आठवून वही भरणं. आठवणीत सीनिअरला स्वतःचा युक्तिवाद दिसतो, मसुदा कुणी केला ते दिसत नाही. नोंद त्याच संध्याकाळी व्हायला हवी. तिसरी चूक, वहीचा संबंध पैशांशी जोडणं. तसं केलं की ज्युनिअर आपसांत प्रकरणं ओढू लागतात आणि सोपे दोन-दोन गोळा करतात. वही फक्त वाटपासाठी. आणि कोर्टात उभं राहिल्यावर आपलं नाव लघुलेखकाकडे स्पष्ट अक्षरात चिठ्ठीवर लिहून द्यायची सवय लावायची. आदेशात नाव चुकलं तर ते कायमचं चुकतं.

याच्या जोडीला वकीलपत्र. नवं प्रकरण घेताना वकीलपत्रावर काम करणाऱ्या ज्युनिअरचं नाव आणि सही घ्यायची. खर्च शून्य. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे केवळ युक्तिवादासाठी नेमलेल्या वकिलाला हजेरीचं पत्रक देऊनही बोलता येतं, पण कागदावर आधीपासून नाव असलेला ज्युनिअर पक्षकाराच्या नजरेत वेगळा असतो. त्याला फोन येतो, ‘चहा सांगा’ असं म्हटलं जात नाही. ‘पक्षकाराला मोठे वकीलच हवे असतात’ ही तक्रार खरी आहे. पण पक्षकारानं ज्युनिअरला फाइल उचलतानाच पाहिलेलं असतं, मग त्यानं दुसरी अपेक्षा तरी कशी ठेवावी? पहिल्याच बैठकीत ‘या प्रकरणाचे कागद या बघतील, कोर्टात मी आणि या’ हे वाक्य सीनिअरनं उच्चारायचं असतं.

बैठकीवरून आठवलं, तिची वेळ. कोर्ट सुटल्यावर सात ते साडेनऊ ही नागपुरातली ठरलेली वेळ. प्रकरणाची दिशा तिथेच ठरते. हिंगण्याला किंवा कामठीला राहणारी ज्युनिअर आठला उठते, कारण पुढे ‘आपली बस’ ही शहर बस मिळेल की नाही याचा भरवसा नसतो. दुसऱ्या दिवशी तिला निर्णय कळतो, कारण कळत नाही. हळूहळू तिला विचारणंही थांबतं. आठवड्यातल्या पाचपैकी तीन बैठका साडेपाच ते सातमध्ये बसवता येतात, बाहेरगावच्या पक्षकारांनाही ते सोयीचं पडतं. उरलेल्या दोन दिवशी गाडीनं सोडायची जबाबदारी ऑफिसाची. आणि रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर वाटप टाकायचं बंद.

लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत छोट्या ऑफिसांत मोठा गैरसमज आहे. ‘आम्ही चारच वकील, आम्हाला समिती लागत नाही.’ २०१३ च्या कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या वाचा: पगारी, बिनपगारी, शिकाऊ, तात्पुरते, सगळे त्यात येतात. चार ज्युनिअर, दोन क्लार्क, एक टायपिस्ट, एक पोऱ्या आणि उन्हाळ्यात आलेले तीन इंटर्न धरले तर अकरा होतात. दहाची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. मग अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निदान दोन सदस्य आतले, एक बाहेरची, एकूण निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत. नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिचा पत्ता भिंतीवर हवा. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं, की बार कौन्सिल ही वकिलांची मालक नाही, त्यामुळे या कायद्याखालची समिती वकिलांसाठी तिनं नेमावी असा आदेश देता येत नाही. म्हणजे बाहेरून छत्र येणार नाही, ऑफिसानंच ते उभारायचं. एकच वरिष्ठ आणि तोही पुरुष, अशा ठिकाणी दोन-तीन ऑफिसांनी मिळून बाहेरची सदस्य आधीच ठरवून ठेवावी. प्रसंग आल्यावर शोधायला गेलं की ती सीनिअरच्या ओळखीतलीच निघते.

भाषेचा मुद्दा नागपुरात फार रंगतो. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे इंग्रजी. मराठी माध्यमातला ज्युनिअर तिथे गप्प होतो आणि त्याचं गप्प राहणं अज्ञान समजलं जातं. पण राष्ट्रीय विधी विद्यापीठातून आलेल्या मुलासमोर जमिनीचा सातबारा, फेरफार आणि आठ-अ ठेवा, तोही तसाच गप्प होतो. जुन्या मध्य प्रांताच्या या राजधानीत दोघेही एकाच ऑफिसात मिळतात, हे आपलं नशीब. दोघांना एका फाइलवर बसवायचं. घटनाक्रम पहिल्यानं मराठीत लिहायचा, दुसऱ्यानं इंग्रजी मसुदा करायचा, मग अदलाबदल. सीनिअरनं लाल पेननं दुरुस्त केलेला मसुदा परत द्यायचा, स्वतः नव्यानं टाइप करून घ्यायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला इंग्रजी सुधारतं. लाल खुणा न दाखवता थेट बदललेला मसुदा कोर्टात गेला, तर दहाव्या खेपेलाही सुधारत नाही.

अपंगांच्या बाबतीत बोलायचं तर बहुतेक ऑफिसं पहिल्या मजल्यावर, लिफ्टविना. तळमजल्यावर असलं तरी उंबऱ्याला पायरी. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला एकास बारा उताराचा रॅम्प म्हणजे १८० सेंटिमीटर लांबी, दरवाजा निदान ९० सेंटिमीटर रुंद. हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारी अडचण टायपिस्टच्या संगणकात आहे. जिल्हा न्यायालयासाठीचे मराठी दावे अजून कितीतरी ठिकाणी श्री-लिपी किंवा कृती देव या जुन्या फॉन्टांत टाइप होतात. दृष्टिहीन ज्युनिअरच्या स्क्रीन रीडरला ती देवनागरी दिसतच नाही, तो इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तर एनव्हीडीए हे फुकट सॉफ्टवेअर तेच मराठी वाचून दाखवतं. फाइल स्कॅन करताना मजकूर ओळखणारी प्रक्रिया चालवायची, नाहीतर प्रकरणाच्या कागदांची चारशे पानांची पेपरबुक म्हणजे चारशे फोटो. टायपिस्टला युनिकोडच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डची सवय व्हायला काही आठवडे जातात, त्या काळात तो कुरकुर करतोच. करू द्यावी. तृतीयपंथीयांच्या बाबतीत ऑफिसं कोर्टाच्याही मागे आहेत. २०१८ मध्ये नागपूरच्या लोकअदालतीत विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्तीला पॅनेलवर बसवलं गेलं. खाजगी ऑफिसांत, सनदेवरचं नाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं असू शकतं, इतकंही कुणी आधी ठरवून ठेवत नाही.

भरतीबद्दल थोडक्यात. ओळखीनं येणाऱ्यांना नाही म्हणा असं कुणी म्हणत नाही, पण विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या सूचना फलकावरही जागा लावा. बारा पानांची जुनी फाइल, पक्षकारांची नावं झाकून, नव्वद मिनिटं, घटनाक्रम आणि दोन मुद्दे लिहायला सांगा, भाषा कुठलीही. उत्तरपत्रिकेवर नाव नको, क्रमांक. आणि मग मुलाखतीत ‘वडील काय करतात?’ विचारून सगळ्यावर पाणी टाकू नका.

वही कुणी ठेवायची हा शेवटचा प्रश्न, आणि नेमका इथेच घोळ होतो. सीनिअरला वेळ नसतो. म्हणून काम जातं ऑफिसातल्या एकुलत्या एक बाई ज्युनिअरकडे, ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणून. मग समान वाटपाची नोंद ठेवण्याचं बिनपैशांचं कारकुनी काम तिच्याच माथी. तिथे ते देऊ नये. क्लार्कची लाल डायरी रोज संध्याकाळी भरतेच, पुढची तारीख आणि कशासाठी हे तो लिहितोच. त्याच पानावर पट्टीनं रेघा मारून तीन रकाने वाढवायचे: पहिला मसुदा कुणी केला, कोण उभं राहिलं, आणि आकडा. कोण उभं राहिलं ते क्लार्क कोर्टात स्वतः पाहून आलेला असतो.